संवाद, निवेदन आणि बोली : मराठी कथनात्म गद्यातील एका सीमारेषेचा इतिहास

१

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले आणि १९६२ साली महाराष्ट्र शासनाने स्वीकारलेले शुद्धलेखनाचे नियम अनुस्वार, ऱ्हस्वदीर्घ यांसारख्या लेखनविषयक बाबींपुरते मर्यादित आहेत, असे सामान्यतः मानले जाते. मात्र त्यांतील एक नियम लेखनाची मर्यादा ओलांडून वाङ्मयाच्या प्रांतात प्रवेश करतो. पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा घालावयाची असेल, तर ‘असं केलं’, ‘त्यांनी सांगितलं’ यांसारखी उच्चारानुसारी रूपे लिहिण्यास या नियमाची हरकत नाही. अन्य प्रसंगी मात्र ‘असे केले’, ‘त्यांनी सांगितले’ अशी एकारान्त रूपेच लिहावीत, अशी त्याची अपेक्षा आहे. वरवर पाहता ही केवळ एक सवलत आहे. परंतु कोणत्याही सवलतीत तिची मर्यादाही सांगितलेली असते. येथे ती मर्यादा संवाद आणि निवेदन यांच्यामधील आहे. पात्रे बोलतील, निवेदक लिहील. बोलणाऱ्याला उच्चाराची मुभा राहील, लिहिणाऱ्याला राहणार नाही, असा या नियमाचा वाङ्मयीन अर्थ होतो.

हा भेद नियमकर्त्यांनी नव्याने निर्माण केलेला नव्हता. सुमारे शंभर वर्षांच्या मराठी गद्यात तो रुळला होता. नियमाने त्याला अधिकृत रूप दिले इतकेच. तरीही या भेदाकडे मराठी समीक्षेने पुरेशा गांभीर्याने पाहिले आहे, असे म्हणता येत नाही. साहित्यातील बोलीची चर्चा आपल्याकडे मुख्यतः ‘प्रादेशिक रंग’, ‘वातावरणनिर्मिती’, ‘अस्सलपणा’ या संज्ञांच्या आधारे होत आली. या तिन्ही संज्ञा बोलीला भूगोलाशी जखडतात आणि तिला आशयाच्या बाहेरचे, आशयाला शोभा आणणारे द्रव्य मानतात. बोली ही जशी प्रदेशाची असते, तशीच ती घराची, कामाची, जातीची आणि लिंगाची असते, म्हणजेच माणसाच्या घडणीची असते, हे एकदा मान्य केले की प्रश्नाचे स्वरूप बदलते. कोणत्या प्रदेशाची भाषा साहित्यात आली, हा प्रश्न मग दुय्यम ठरतो. कोणत्या संस्कारांत वाढलेल्या माणसाला कथेत निवेदनाचा अधिकार मिळाला आणि कोणाला केवळ संवादापुरते बोलू दिले गेले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. संवाद आणि निवेदन यांमधील या सीमारेषेचा इतिहास तपासल्यास आधुनिक मराठी गद्याच्या सामाजिक इतिहासाचाच एक धागा हाती लागतो.

२

माणसाला शब्द कोठून मिळतात, या प्रश्नाचे भौगोलिक उत्तर खोटे नाही. ते अपुरे आहे. पश्चिम महाराष्ट्रात ज्या अवजाराला कुळव म्हणतात, त्याच जातीच्या अवजाराला विदर्भ-खानदेशात वखर म्हणतात. मालवणी मुलखात मुलगा झील असतो आणि मुलगी चेडू. वऱ्हाडात तीच मुले पोट्टा-पोट्टी होतात. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून अशा भेदांची नकाशावर मांडणी करण्याची रीत आपल्याला परिचित आहे. परंतु नकाशावरचा एक बिंदू म्हणजे एक बोली, असे प्रत्यक्षात नसते. अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकात सुरू केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेतील एक पुस्तक महाडच्या कुणबी बोलीवर आहे. स्थळाबरोबर समाजाचाही निर्देश केल्यावाचून बोली निश्चित करता येत नाही, याची ती शास्त्रीय कबुलीच होय.

एकाच गावात मोट चालविणाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला नाडा, सोंदूर, धाव, थारोळे हे शब्द निराळे शिकावे लागत नाहीत. ज्या वयात तो दोर आणि पाणी ओळखतो, त्याच वयात तो हे शब्दही ओळखतो. त्याच गावातील शिंप्याच्या, बुरुडाच्या किंवा भिक्षुकाच्या मुलाकडे हा शब्दसंग्रह नसतो. त्याच्याकडे दुसरा असतो. जेवणात भाकरीबरोबर जे ओले तोंडीलावणे असते त्याला कोरड्यास म्हणावयाचे की कालवण, हे जिल्ह्यावरून ठरते तितकेच ते स्वयंपाकघरावरूनही ठरते. घरातील स्त्रिया ज्या गावांहून लग्न होऊन आल्या, त्या गावांची भाषा त्यांच्याबरोबर घरात आलेली असते. मुलाची पहिली भाषा घडते ती या मिश्रणातून. ‘मातृभाषा’ हा शब्द आपण इतक्या सैलपणे वापरतो की त्यातील आईचा विसर पडतो.

घडणीचा हा भाग व्याकरणापर्यंत पोहोचतो. कोल्हापूरच्या परिसरात स्त्रिया स्वतःविषयी बोलताना ‘मी आलो’, ‘मी जातो’ अशी रूपे सहजपणे वापरतात. प्रमाणभाषेच्या दृष्टीने ही पुल्लिंगी रूपे होत, आणि शाळेत ती चूक म्हणून दुरुस्त केली जातात. परंतु ज्या मुलीने आई, आजी आणि शेजारणी यांच्या तोंडून हीच रूपे ऐकली, तिच्या दृष्टीने ती पुरुषाची रूपे नसतातच. ती ‘मी’ची रूपे असतात. तिची चूक दुरुस्त करणारा शिक्षक वास्तविक तिच्या वाक्यातील एक प्रत्यय बदलत असतो. तिला मात्र असा बोध होतो की, आपल्या घरातील सर्व स्त्रिया आजवर चुकीचे बोलत आल्या. ना. गो. कालेलकर यांनी ‘भाषा आणि संस्कृती’ (१९६२) आणि ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ (१९६४) या ग्रंथांच्या द्वारा भाषेकडे पाहण्याची जी शास्त्रीय दृष्टी मराठी वाचकांना दिली, तिच्यानुसार प्रमाणभाषा हीदेखील मुळात एक बोलीच असते आणि तिची प्रतिष्ठा भाषाबाह्य कारणांनी आलेली असते. ज्या वर्षी शुद्धलेखनाचे नियम आले, त्याच वर्षी कालेलकरांच्या या दोहोंपैकी पहिले पुस्तक यावे, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

३

प्रमाण मराठीची घडण एकोणिसाव्या शतकात कोश, व्याकरण आणि क्रमिक पुस्तक या तीन साधनांनी झाली. या तिघांची बोलीविषयीची भूमिका मात्र एकसारखी नव्हती. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश जॉर्ज आणि थॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्याने १८३१ साली प्रसिद्ध झाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दांची संख्या साठ हजारांच्या घरात गेली. हा कोश ब्राह्मण शास्त्र्यांच्या मदतीने तयार झाला असला, तरी त्याची वृत्ती संग्राहक होती. प्रांतिक शब्द, ग्राम्य मानले गेलेले शब्द, म्हणी, धंद्यातील संज्ञा यांना त्यात प्रवेश मिळाला. पुष्कळ ठिकाणी त्यांच्यापुढे त्यांच्या प्रांताची किंवा दर्जाची खूण केली गेली. खूण करणे म्हणजे वेगळे काढणे होय, हे खरे. परंतु वेगळे काढून का होईना, ते शब्द आत घेतले गेले.

दादोबा पांडुरंग यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली आले. व्याकरणाला निवड करणे भाग असते आणि ती निवड शिष्टांच्या भाषेच्या बाजूने झाली. १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षणखाते स्थापन झाल्यावर क्रमिक पुस्तकांचे महत्त्व वाढले आणि त्यांच्या भाषेवर मेजर थॉमस कँडी यांचे दीर्घकाळ नियंत्रण राहिले. कोशाने जे सामावून घेतले होते, ते क्रमिक पुस्तकाने वगळले. कोश विद्वानाच्या टेबलावर राहिला. क्रमिक पुस्तक मुलाच्या हातात गेले. परिणामी पुढील पिढ्यांच्या मनात ‘मराठी’ म्हणून जी भाषा ठसली, ती कोशातील विस्तीर्ण मराठी नव्हती. क्रमिक पुस्तकातील आखीव मराठी होती.

या आखीव मराठीच्या बाहेरून लिहिणाऱ्यांचे काय झाले, हे जोतीराव फुले यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. त्यांनी १८५५ साली लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ या नाटकात जोशी, कुणबी आणि त्याची बायको, पाद्री, विदूषक ही पात्रे आपापल्या भाषेत बोलतात. दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविलेले हे नाटक नाकारले गेले आणि शतकाहून अधिक काळ ते अप्रकाशित राहिले. ‘गुलामगिरी’ (१८७३) आणि १८८३ साली लिहून पूर्ण झालेला ‘शेतकऱ्याचा असूड’ यांतील प्रतिपादनाची भाषा मोठ्या पल्ल्याच्या वाक्यांची, संस्कृत शब्द आणि रोजच्या बोलण्यातील शब्द शेजारीशेजारी ठेवणारी आहे. १८७४ पासून निघू लागलेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी फुल्यांच्या विचारांबरोबरच त्यांच्या भाषेच्या अशुद्धतेवरही टीका केली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, फुल्यांनी कुणब्याला कुणब्याच्या भाषेत बोलावयास लावले, एवढ्याने हा रोष ओढवला नसता. तशी भाषा नाटकात, फार्सात चालून जात होती. फुल्यांनी विचार मांडण्यासाठी ती भाषा वापरली, ही खरी अडचण होती. ज्या भाषेने हसवावयाचे, त्या भाषेत युक्तिवाद करण्याचे धाष्टर्य त्यांनी केले.

स्त्रियांच्या लेखनाचा दाखला याला पूरक आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) या निबंधात घरात, माजघरात, पाणवठ्यावर चालणाऱ्या बोलण्याचा ठसका युक्तिवादाच्या कामी आला आहे. ताराबाईंचे शिक्षण घरी, वडिलांकडे झाले होते. पुढे लग्नानंतर लिहावाचावयास शिकलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या भाषेचे सर्वत्र कौतुक झाले. ते कौतुक रास्तच होते. पण त्या भाषेला ‘साधी’, ‘घरगुती’, ‘निरागस’ ही विशेषणे लावताना तिच्या मुळाशी असलेली ऐतिहासिक वस्तुस्थिती बाजूला राहिली. या दोन्ही लेखिकांची घडण शाळेच्या बाहेर झाली होती. त्यामुळे बोलणे आणि लिहिणे यांमधील सीमा त्यांना कोणी शिकविलेली नव्हती. त्यांचे निवेदन बोलते आहे, याचे कारण स्वभावात जितके आहे, तितकेच ते या अनुपस्थित शिक्षणातही आहे.

४

कथा-कादंबरीत मात्र सीमारेषा दीर्घकाळ अबाधित राहिली. खेडे मराठी कथेत आले ते पात्रांच्या संवादांतून. त्यातही पुष्कळदा ते कोणत्याच ठिकाणाचे नसलेले खेडे होते. ‘व्हतं’, ‘न्हाई’, ‘लई’ अशी चारदोन रूपे वापरली की खेडूत सिद्ध होतो, असा एक संकेत तयार झाला आणि रंगभूमी व चित्रपट यांनी तो सर्वदूर पोहोचविला. या संकेतभाषेत उच्चार बदललेला असतो, शब्दसंग्रह बदललेला नसतो. म्हणजे प्रमाणभाषेत विचार करून तो मोडक्या उच्चारात लिहावयाचा, अशी ही रीत होती. बोली म्हणजे प्रमाणभाषेचे बिघडलेले रूप, हा समज ज्या लेखकांनी विचार म्हणून नाकारला असता, त्यांच्याही लेखनात तो या संकेताच्या रूपाने टिकून राहिला.

व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) या संग्रहाने हा संकेत मोडला. त्यांच्या माणसांच्या तोंडी असलेले शब्द त्या माणसांच्या कामधंद्यातून आलेले आहेत. तथापि, सीमारेषेच्या दृष्टीने ‘बनगरवाडी’ (१९५५) अधिक विचारार्ह आहे. या कादंबरीचा निवेदक हा धनगरांच्या वाडीत नेमणुकीवर आलेला तरुण शाळामास्तर आहे. वाडी बोलते ती तिच्या भाषेत, आणि मास्तर सांगतो तो नितळ प्रमाण मराठीत. निवेदकाची ही निवड तंत्राच्या दृष्टीने निर्दोष आहेच. परंतु तिच्यातून एक ऐतिहासिक सत्यही प्रकट होते. वाडीची कथा लिहिली जाण्यासाठी वाडीत शाळा यावी लागते, आणि जो तेथे शाळा आणतो तोच कथेचा निवेदक होतो. मास्तर वाडीत गुंततो, तिच्या सुखदुःखांत सामील होतो आणि अखेर वाडी सोडून जातो. निवेदनाची भाषाही अशीच आहे : जवळ जाणारी, पण वस्तीला न राहणारी.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीत वऱ्हाडी संवाद केवळ वातावरणासाठी नाहीत. कौतिकचा संसार तिच्या बोलण्यातून उभा राहतो आणि बोलण्यातूनच खचत जातो. ते संवाद काढून टाकल्यास कादंबरीत सांगण्यासारखे फारसे उरणार नाही. येथे संवाद निवेदनाचे काम करू लागतात. तरीही त्यांच्याभोवतीचे कुंपण कायम आहे.

या काळातील दोन अपवाद नोंदविणे आवश्यक आहे. कारण ते प्रस्तुत मांडणीला सोपे होऊ देत नाहीत. पहिला, बहिणाबाई चौधरी यांचा. जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी स्त्रीची गाणी तिच्या मृत्यूनंतर १९५२ साली ग्रंथरूपाने आली, तेव्हा लेवा समाजाच्या बोलीला मराठी कवितेत अढळ स्थान मिळाले. येथे ‘मी’ बोलीतच बोलते आणि तिच्यावर कोणी निवेदक नाही. परंतु हे घडले ते गाण्याच्या रूपात. गद्यावर असलेले बंधन गाण्यावर नव्हते, कारण ओव्यांच्या परंपरेत स्त्रीच्या ‘मी’ला आधीपासून जागा होती. दुसरा अपवाद गो. नी. दांडेकर यांच्या ‘पडघवली’ (१९५५) या कादंबरीचा. तिचे निवेदन अंबूवहिनी या स्त्रीच्या तोंडून, कोकणातील घरगुती बोलीच्या वळणाने होते. म्हणजे बोलीतील निवेदन पूर्वी झालेच नव्हते, असे म्हणता येणार नाही. मात्र अंबूवहिनीचे घर हे पिढ्यान्‌पिढ्या अक्षरओळख असलेल्या समाजातील घर आहे. तिची बोली आणि प्रमाणभाषा यांमध्ये अंतर आहे, पण तुच्छता नाही. ही बोली वाचकाच्या आजीची असू शकते. निवेदनाचा अधिकार कोणत्या बोलीला आधी मिळतो, हे यावरून समजते.

५

शुद्धलेखनाचे नियम आल्यानंतर एकाच वर्षाने, १९६३ साली, भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ प्रसिद्ध झाली. खानदेशातील सांगवीहून पुण्याला शिकावयास आलेला पांडुरंग सांगवीकर आपली हकीकत बोलण्याच्या मराठीत सांगतो. नियमाने जी रूपे पात्राच्या तोंडापुरती ठेवली होती, ती येथे संपूर्ण कादंबरीभर पसरली. ‘कोसला’ची भाषा ही काटेकोर अर्थाने खानदेशी बोली नव्हे, ती शिक्षणासाठी गाव सोडलेल्या, वसतिगृहात राहिलेल्या तरुणाची मिश्र भाषा आहे. परंतु सीमारेषा तिने पुसली. बोलणे आणि लिहिणे यांत भेद न करणारा निवेदक गद्यात अवतरला आणि तोही शिकलेला.

याच्या पुढचे पाऊल १९७१ मध्ये पडले. त्या एका वर्षात आनंद यादव यांची ‘गोतावळा’ आणि रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ या दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. ‘गोतावळा’चे निवेदन कागलच्या परिसरातील शेतगडी नारबा करतो, ‘पाचोळा’चे एका शिंप्याची बायको मराठवाडी बोलीत करते. दोन्ही निवेदक लिहिणारे नाहीत. दोन्ही कादंबऱ्यांत निवेदन आणि संवाद यांची भाषा एकच आहे. दोन निरनिराळ्या भागांतील लेखकांनी एकाच वेळी असा निर्णय घ्यावा, हे केवळ वैयक्तिक प्रतिभेने स्पष्ट होत नाही. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आणि १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. तालुक्याच्या गावी महाविद्यालये निघाली. त्यातून केवळ नवा लेखकच निर्माण झाला नाही, तर शब्दसूचीवाचून ‘गोतावळा’ वाचू शकणारा वाचकही निर्माण झाला. निवेदन हे नेहमी कोणाला तरी उद्देशून असते. नारबा ज्या भाषेत बोलतो, ती भाषा समजणारा माणूस पुस्तक विकत घेऊ लागला, तेव्हाच नारबाला निवेदक होता आले.

‘गोतावळा’मध्ये बोलीचे कार्य काय आहे, हे पाहिले म्हणजे ‘प्रादेशिक रंग’ या संज्ञेची अपुरेपणा ध्यानात येतो. गोतावळा म्हणजे नातलगांचा समुदाय. परंतु एकट्या नारबाचा गोतावळा हा मळ्यातील जनावरांचा, पाखरांचा, झाडांचा आहे. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि जनावरे अनावश्यक ठरतात. ट्रॅक्टर आल्यामुळे काय नाहीसे होते, हे प्रमाणभाषेत सांगता येईल. पण मग ते ‘शेतीचे यांत्रिकीकरण’ या दोन शब्दांत आटोपेल. नारबाच्या भाषेत प्रत्येक जनावराचा रंग, शिंगांची ठेवण, चाल, खोड यांना शब्द आहेत, आणि हे शब्द त्या जनावरांबरोबरच कामातून जाणार आहेत. म्हणजे कादंबरीचा विषय आणि तिची भाषा या दोहोंवर एकच संकट आलेले आहे. बोली येथे आशयावर चढविलेला रंग नाही. जे नष्ट होत आहे त्याची ती यादी आहे.

पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ आला. बोली म्हणजे खेडे, हे समीकरण त्याने मोडले. मुंबईच्या कामाठीपुरा-गोलपिठा भागातील जगण्यातून आलेल्या शब्दांपुढे नागर वाचक परका ठरला. विजय तेंडुलकर यांनी या संग्रहाला लिहिलेल्या प्रस्तावनेत हे परकेपण प्रांजळपणे मान्य केले आहे. आजवर खेडूत पात्राच्या भाषेला टीप लागत असे. येथे प्रथमच शहराच्या मध्यभागी राहणाऱ्या प्रस्थापित लेखकाला आपल्याच शहराच्या भाषेचे अर्थ विचारावे लागले.

६

या क्रमाने पाहता १९७१ नंतर बोलीतील निवेदन ही मराठी गद्याची सर्वसाधारण रीत व्हावयास हवी होती. तसे झाले नाही. १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ आले आणि दलित आत्मकथनांचे पर्व सुरू झाले. १९८० साली लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि १९८७ साली आनंद यादव यांचे ‘झोंबी’ प्रसिद्ध झाले. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’सारख्या आत्मकथनाने बोलण्याच्या ढंगाशी जवळीक राखली, परंतु पुष्कळ आत्मकथनांत निवेदन मुख्यतः प्रमाण मराठीच्या चौकटीत राहिले आणि बोली पुन्हा आई, आजी, शेजारी यांच्या संवादांत गेली. काही टीकाकारांना ही माघार वाटली. प्रस्थापित वाचकासाठी केलेली तडजोड, असाही आक्षेप घेतला जातो.

हा आक्षेप निवेदकाची घडण विचारात घेत नाही. नारबा आणि ‘पाचोळा’तील स्त्री ही कल्पित, लिहिता न येणारी माणसे आहेत, त्यांना भाषा देणारे लेखक मात्र पदवीधर होते. त्यांचे बोलीतील निवेदन ही एक श्रेष्ठ दर्जाची कलात्मक रचना आहे, नोंद नव्हे. आत्मकथनाला ही मोकळीक नसते. तेथे सांगणारा आणि लिहिणारा एकच असतो, आणि लिहिणारा शाळेतून गेलेला असतो. त्याची प्रमाणभाषा ही वरून घेतलेली नाही. ती त्याने मोठी किंमत देऊन मिळविलेली आहे. ‘झोंबी’ तर याच मिळविण्याची कहाणी आहे. ‘गोतावळा’ ज्यांनी शेतगड्याच्या भाषेत लिहिली, त्याच यादवांनी स्वतःच्या शिक्षणाची कथा निराळ्या भाषेत सांगावी, यात विसंगती नाही. शिक्षणाने भाषेचे काय होते, याचा तो पुरावा आहे.

‘बलुतं’ची रचना या दृष्टीने अत्यंत बोलकी आहे. तेथे दगडू मारुती पवार हा दया पवार यांना आपली कहाणी सांगतो. दोघे एकच आहेत आणि एक नाहीत. दगडूला जन्मासोबत मिळालेली भाषा आणि दया पवार या लेखकाने कमावलेली भाषा यांच्यामधील अंतर हेच कथनाचे तत्त्व झाले आहे. जी सीमारेषा पूर्वी निवेदक आणि पात्र यांच्यामध्ये होती, ती येथे एकाच माणसाच्या आत ओढली गेली. १९६२ च्या नियमाने पात्राच्या तोंडी ठेवलेली भाषा आणि निवेदकासाठी राखलेली भाषा, या दोन्ही एकाच व्यक्तीच्या झाल्या. तेव्हा दलित आत्मकथनांत बोली संवादात का गेली, या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल : ती जेथे मागे राहिली, तेथेच ती दाखविली गेली. आई अजून ज्या भाषेत बोलते, त्या भाषेत मुलगा आता लिहू शकत नाही. हे सत्य बोलीतील अखंड निवेदनाने झाकले गेले असते.

म्हणून ‘अस्सल बोली’ हा निकष समीक्षेने सावधपणे वापरावयास हवा. बोलीतील निवेदन अस्सल आणि प्रमाणभाषेतील निवेदन उसने, असे मानणे म्हणजे शिकलेल्या दलित किंवा ग्रामीण लेखकाला पुन्हा संवादापुरते बोलावयास सांगणे होय. मात्र याचा अर्थ जे गमावले त्याची मोजदाद करू नये, असा नव्हे. उलट, ती करण्याचे सामर्थ्य अशाच लेखनात असते. ऊर्मिला पवार यांच्या २००३ मधील आत्मकथनाचे नाव ‘आयदान’ आहे. कोकणात बांबूपासून विणलेल्या सुपे, टोपल्या, रोवळ्या यांसाठी हा शब्द वापरला जातो; लेखिकेची आई ती विणून संसार चालवीत असे. विणणे आईचे, लिहिणे मुलीचे. शब्द आईच्या हातातील कामाचा, आणि तोच मुलीच्या पुस्तकाचे नाव. संपूर्ण निवेदन बोलीत नसतानाही घडणीतून मिळालेला एक शब्द पुस्तकाचा कणा होऊ शकतो, हे येथे दिसते.

बोलींच्या अभ्यासाची साधने आज पूर्वीपेक्षा अधिक आहेत. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राविषयीचा खंड उपलब्ध आहे. डेक्कन कॉलेजने हाती घेतलेल्या मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणात नात्यांचे आणि व्यवहारातील शब्द गावोगावच्या माणसांच्या तोंडून नोंदविले गेले आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतर भाषेच्या प्राचीनतेची चर्चा स्वाभाविकपणे वाढली. परंतु भाषेचे वय शिलालेखांवरून ठरते, तसे तिचे बळ कोणाकोणाला त्या भाषेत सांगता येते यावरून ठरते. मोल्सवर्थच्या कोशाने जे शब्द खूण करून का होईना आत घेतले, ते क्रमिक पुस्तकाने बाहेर ठेवले आणि कथनात्म गद्याने शतकाहून अधिक काळ अवतरणचिन्हांत ठेवले. ती अवतरणचिन्हे काढण्याचे काम काही लेखकांनी केले आहे. त्या कामाचे मूल्यमापन ‘रंग’ आणि ‘वातावरण’ यांच्या परिभाषेत होत राहील, तोवर वर्गातील ‘मी आलो’ म्हणणारी मुलगी चुकीचीच ठरत राहील.